काशिनाथ मिस्त्रींची पांढरी रेघ

गॅरेजात दोन गोष्टी न बोलावता साठतात. एक जळकं तेल आणि दुसरे किस्से. तेल निदान कामाला तरी येतं. कुणी बैलगाडीच्या आसाला घालायला नेतं, कुणी वाशांना वाळवी लागू नये म्हणून नेतं. किस्से मात्र कुणी नेत नाही. माझ्याकडे ते पडूनच आहेत, आणि आता सांगितले नाहीत तर माझ्याबरोबरच भंगारात जातील. तेव्हा बसा जरा!

आधी माणसं सांगून टाकतो, म्हणजे मधेच "हा कोण?" म्हणून टोकू नका. मी सदाशिव, गावातला लेथवाला. भोर गावाच्या बाहेर रस्त्यालगत एक पत्र्याची शेड होती. अर्ध्या शेडमध्ये माझं लोखंड तासायचं लेथ आणि अर्ध्यात काशिनाथ मिस्त्रींचं गॅरेज. मिस्त्री बौद्ध वस्तीतले. लष्कराच्या वर्कशॉपात दहा-बारा वर्षं काढून आलेले. बोलायचे कमी आणि कुणाचं ऐकून घ्यायचे त्याहून कमी! शेडची जागा बापूसाहेबांची. बापूसाहेब म्हणजे रस्त्यांचे ठेकेदार. भोर-वेल्ह्याकडे कुठंही खडी पडलेली दिसली की ती त्यांचीच समजायची.

सत्तर साल उलटून गेलं होतं. पेट्रोल महागलं आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात एकच किडा शिरला. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घ्यायची, तिचं पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि मोडीतल्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायचं. खर्च निम्मा आणि ताकद दीडपट! बॉनेट उघडून इंजिन दाखवताना मालकाची छाती अशी फुगायची की बस्स.

पण ती ताकद चाकापर्यंत नेतं कोण? क्लच, गिअरबॉक्स, मधला लांब शाफ्ट आणि मागच्या चाकांना फिरवणारे दोन लोखंडी दांडे, म्हणजे एक्सल. हे सगळं जुन्या, गरीब इंजिनाच्या मापाचं. मग ते कधी बदलायचं आणि कधी नाही? ह्या एका प्रश्नावर आमचं पोट चालायचं, ह्याच प्रश्नावर भांडणं व्हायची, आणि शेवटी आमची जागाही ह्याच प्रश्नापायी गेली.

* * *

मिस्त्रींची पद्धत अशी. इंजिन बदललेली गाडी आली की मागचे दोन्ही एक्सल बाहेर ओढायचे, पुसून लख्ख करायचे आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मारायची. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. मग एक्सल परत बसवून गाडी मालकाच्या हवाली.

"म्हैनाभर चालवा, रोजचं वझं भरा, आन् परत आना."

महिन्यानं एक्सल पुन्हा काढायचे. रेघ सरळ असली तर मिस्त्री म्हणायचे, "जावा. उगा पैसं घालू नका." रेघेला पीळ पडलेला दिसला, तर त्याचा अर्थ लोखंडालाच पीळ पडलाय. मग तो दांडा आज ना उद्या तुटणार. त्याच्या जागी जाड, चांगल्या पोलादाचा एक्सल घालायचा. तो घडवायचं काम माझं.

इतकी साधी गोष्ट. पण लोकांना पटेल तर शपथ!

विंझरचे एक दुकानदार होते. जीपमधून तांदळाची पोती न्यायचे. त्यांच्या एक्सलवरची रेघ चांगलीच फिरली होती. तरी म्हणतात कसे, "पन तुटला न्हाई न्हवं अजून? तुटल्यावर बदलू की!"

मिस्त्रींनी विचारलं, "तुमच्या हिरीला कठडा हाय का?"

"हाय की."

"कोन पडलं व्हतं त्यात?"

"कोन न्हाई बा."

"मग बांधला कशाला?"

दुकानदार गाडी घेऊन निघून गेले. आठ दिवसांनी स्वतःहून हजर! चेहऱ्यावर असा आनंद की जणू मुलगा मॅट्रिक झालाय. "मिस्त्री, आता बघा!"

मिस्त्रींनी एक्सल ओढला. रेघ सरळ! सुतासारखी! मी तर चक्रावलोच. मिस्त्रींनी रेघेवरून नुसतं बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

दुकानदारांनी काय केलं होतं, तर घरी एक्सल काढून जुनी रेघ रॉकेलनं पुसली होती आणि पट्टी लावून नवी मारली होती! वर आम्हालाच विचारतात, "आता सरळ हाय का न्हाई? मग करा की पास!"

मिस्त्रींनी बोट पुसलं. "रेघ झ्याक मारलीया. आता गाडीत दुसरं कुनी बसवू नका. तुमी आन् ही रेघ, दोघंच जावा."

* * *

वेल्ह्याच्या एका पाटलांनी पुण्याकडून जीप आणली. डिझेल इंजिन आधीच घातलेलं. पाटील खुशीत होते. "मिस्त्री, ह्या गाडीला हात लावायची गरजच न्हाई. मागून एवढा बी आवाज येत न्हाई. आईच्यान!"

मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. कुठल्याही गाडीचा आवाज ऐकून त्यांना जेवढी काळजी वाटायची, त्याहून जास्त काळजी आवाज न ऐकून वाटायची. जुनी जीप, वर जड इंजिन, आणि मागची दातेरी चाकं तोंडातून चकार शब्द काढत नाहीत? त्यांनी ती चाकं बसतात त्या मागच्या पेटीचं बूच उघडलं, बोट आत घातलं आणि बाहेर काढलं. तेलात कालवलेला लाकडाचा भुसा!

दाते झिजले की गाडी रडते. विकणाऱ्यानं ते रडणं बंद करायला पेटीत भुसा कोंबला होता. चार-सहाशे मैल गाडी गप्प राहते, तेवढ्यात गिऱ्हाईक गाठायचं.

पाटलांना ते पटेना. त्यांचं आपलं एकच, "पन मग गाडी एवढी शांत कशी?"

"पाटील, तुमच्या तोंडात भुसा भरला तर तुमी बोलाल का?"

पाटलांनी पेटी तिथल्या तिथं उघडायला लावली. दाते बघितल्यावर दाढ काढायला बसलेल्या माणसासारखं त्यांनी तोंड फिरवलं. भुसा त्यांनी पिशवीत भरून नेला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "इकनाऱ्याला जेवायला बोलवनार हाय!"

* * *

आता तुम्हाला वाटेल, मिस्त्री उठसूट जाड पार्ट घालायला लावत असतील, सदाचं लेथ चालावं म्हणून. उलट होतं! माझी कितीतरी कामं त्या माणसानं घालवली.

भोरमध्ये एक पैलवान होते. कुस्ती सुटली होती, शरीर तेवढंच होतं, आणि मनातली रग गाडीवर निघायची. त्यांनी जीपमध्ये मोठं इंजिन घातलं आणि फर्मान काढलं, "ट्रकची मागची पेटी बसवा! ट्रकचे एक्सल! ट्रकचा शाफ्ट! काय बी तुटता कामा नये!"

मी मनातल्या मनात लेथ पुसायला घेतलं. पंधरा दिवसांचं काम!

मिस्त्री म्हणाले, "न्हाई."

"का न्हाई? पैसं म्या देतोय!"

"पैलवान, गाडीत काय तरी तुटायलाच पायजे. कुठं तुटावं ते आपून ठरवायचं. क्लच हाय तिथं मरू द्या. क्लच मरताना वास सोडतो, धूर काढतो, चार दिवस आदी सांगतो. एक्सल न सांगता मरतो. म्हनून एक्सल क्लचपेक्षा जरा दनकट ठेवायचा. जरा! ट्रकचं कशाला?"

"दनकट असलेलं काय वाईट?"

मिस्त्रींनी त्यांचा दंड न्याहाळला. "तुमची करंगळी तुमच्या दंडाएवढी करून दिली, तर नाक कशानं साफ कराल?"

पैलवान इतके हसले की टेकू लावलेली जीप हलली. शेवटी फक्त एक्सल बदलले. माझं काम पंधरा दिवसांवरून सहा दिवसांवर आलं. मी तोंड वाकडं केलं, तर मिस्त्री म्हणाले, "तुझ्या लेथसाठी त्येनं ट्रक वडत फिरायचं का?"

* * *

हा किस्सा माझ्यावरचा आहे. सांगायला मला आवडत नाही, म्हणून सांगतो.

गिऱ्हाईक यायचं. मिस्त्री गाडीखाली शिरायचे, बघायचे, सांगायचे. गिऱ्हाईक मान डोलवायचं. मग हळूच शेडच्या माझ्या अर्ध्यात यायचं आणि आवाज बारीक करून विचारायचं, "मिस्त्री म्हनत्यात ते खरं का वो?"

प्रत्येक जण! विंझरचा, वेल्ह्याचा, भोरचा. मीही मोठ्या रुबाबात सांगायचो, "व्हय, खरं हाय. करून टाका." आणि मग ते काम व्हायचं. मला वाटायचं, मी मिस्त्रींना मदतच करतोय.

एकदा दुपारी जेवताना मिस्त्रींनी विचारलं, "सदा, मागच्या पेटीतलं तुला काय कळतं रं?"

मी म्हटलं, "काय बी न्हाई."

"मग 'खरं हाय' म्हन्तोस, ते कशाच्या जोरावर?"

भाकरीचा घास माझ्या हातात तसाच राहिला. कशाच्या जोरावर ते मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. गाडीतलं ज्याला काही कळत नाही त्याच्या शब्दाला वजन, आणि ज्यानं उभं आयुष्य गाडीखाली काढलं त्याच्या शब्दाला माझी सही लागायची. आणि मी ती सही खुशाल वाटत सुटलो होतो! इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

त्या दिवसापासून मी ठरवलं. कुणी विचारलं की माझं एकच उत्तर, "मला काय बी कळत न्हाई. मी नुसता लेथवाला."

पुढच्याच आठवड्यात एक बागायतदार आले. त्यांना हे उत्तर काही रुचलं नाही. "अहो, असं काय करता! तुम्ही आपले म्हणून विचारलं!"

गाडीखालून मिस्त्रींचा आवाज आला, "मग एक्सल बी आपल्या मानसाकडनंच काढून घ्या. म्या निगतो भायेर."

आणि खरोखर बाहेर आले! हात धुतले, बिडी पेटवली आणि रस्त्याकडे बघत बसले. बागायतदारांची गाडी चारी बाजूंनी सुटी पडलेली. ते एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा गाडीकडे. मी लेथवर उगाचच एक खिळा तासत बसलो. पाऊण तास! शेवटी बागायतदार स्वतः चालत मिस्त्रींपाशी गेले आणि म्हणाले, "मिस्त्री, काय करायचं ते तुम्हीच सांगा."

मी खिळा फेकून दिला. तासून तासून त्याची सुई झाली होती.

* * *

बापूसाहेबांची गाडी आली आणि मग मस्करी संपली.

त्यांच्याही जीपमध्ये मिस्त्रींनीच डिझेल इंजिन घातलं होतं, आणि एक्सलवर रेघ मारली होती. बापूसाहेबांचं काम तेव्हा वेल्ह्याच्या पुढं, पासलीच्या रस्त्यावर चाललं होतं. रोज तो चढ, रोज गाडीत माणसं आणि सिमेंट. महिन्यानं त्यांचा ड्रायव्हर लक्ष्मण गाडी घेऊन आला. मिस्त्रींनी एक्सल काढले. डावीकडची रेघ अर्धा वळसा फिरली होती. दांड्याच्या टोकाचे दाते तिरके झाले होते.

मी मुद्दाम सांगतो, कारण ह्यात एका माणसाच्या जिवाचा प्रश्न होता. ह्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो, मधल्या शाफ्टला असतो. म्हणजे चढावर एक्सल तुटला की इंजिनही सुटलं आणि हँडब्रेकही सुटला. गाडी माघारी धावणार, आणि ड्रायव्हरच्या हाती, म्हणजे पायात, राहिला फक्त एक जुना ब्रेक. पासलीच्या चढावर माघारी धावलेली गाडी कुठं थांबणार? दरीत!

बापूसाहेब संध्याकाळी आले. म्हणाले, "सोमवारी बांधकाम खात्याचे मोठे साहेब रस्ता बघायला येणार आहेत. गाडी पाहिजे."

"जाड एक्सल घडवायला सदाला सा दिस लागत्यात," मिस्त्री म्हणाले.

"मग जुनेच घाल."

"न्हाई."

"काशिनाथ, गाडी माझी आहे."

"व्हय."

"एक्सल माझे आहेत."

"व्हय."

"आणि तू उभा आहेस ती जागासुद्धा माझी आहे!"

मिस्त्रींनी दोन्ही एक्सल गोणपाटात गुंडाळले आणि बापूसाहेबांच्या पायाशी ठेवले. "गाडी घ्या. एक्सल घ्या. जागा बी घ्या. माझा हात तेवढा माझा हाय. त्यो ह्या नटाला लागनार न्हाई."

लक्ष्मण दाराशी उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बापूसाहेब माझ्याकडे वळले.

"सदा, तू सांग. जुन्या एक्सलवर सोमवारचा दिवस निघेल की नाही?"

माझंही लेथ त्याच जागेत होतं. घरी बायको, दोन पोरं. "निघंल" एवढं एकच म्हणायचं होतं मला. आणि खरं सांगतो, एक सोमवार कदाचित निघालाही असता! भीती मला चांगलीच वाटत होती. पण भाकरीचा तो घास आठवला, आणि डोकंच फिरलं.

"मला काय इचारता? मला त्यातलं कळत न्हाई. ज्येला कळतं त्येनं सांगितलंय की!"

"म्हणजे तूही?"

"म्या बी!"

"मग दोघंही उठा. महिनाअखेर शेड रिकामी पाहिजे."

"म्हैनाअखेर कशाला?" मिस्त्री म्हणाले. "रविवारी जातो."

* * *

जायचं कुठं, तर समोर! रस्त्याच्या पलीकडे, बौद्ध वस्तीच्या तोंडाशी मिस्त्रींच्या सखूमावशीच्या घराला लागून तिची पडीक जागा होती. म्हातारी ऐंशीच्या घरात, पण आवाज असा की एसटीचा हॉर्न फिका. तिनं एकच अट घातली, "जागा वापरा. पन हितं कुनी वाकडं बोलायचं न्हाई. वाकडं म्या बोलनार!"

रविवारी सकाळी वस्तीतली वीस-पंचवीस माणसं आली. लेथखाली लोखंडी नळ्या घातल्या आणि ढकलायला सुरुवात केली. बरोबर रस्त्याच्या मध्यावर लेथ अडलं. इकडून महाडची एसटी, तिकडून पुण्याची. दोन्ही ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवून वाजवून कंटाळा आल्यावर खाली उतरून लेथला खांदा लावला! पाठोपाठ पासिंजर उतरले. मागून बायका ओरडायला लागल्या. असा थाट माझ्या लग्नाच्या वरातीलाही नव्हता.

बापूसाहेब आपल्या जागेत उभे राहून सगळं बघत होते. त्यांची जीप तिथंच होती. एक्सल काढले तरी ही गाडी चाकांवर उभी राहते, ढकलली तर सरकतेही. फक्त इंजिनाचा जोर चाकाला पोचत नाही. म्हणून चाकांना दगड लावून ठेवलेली.

त्यांनी तिथूनच आवाज दिला, "काशिनाथ, ह्या जीपचं काय करायचं मी?"

मिस्त्रींनी लेथवरचा हात काढला नाही. "राहू द्या की तितंच. तुमचीच जागा हाय!"

* * *

सोमवारी मोठे साहेब पासलीला पोचले. बापूसाहेब एसटीनं वेल्ह्यापर्यंत गेले आणि पुढं चालत. ते पोचेपर्यंत साहेब रस्ता बघून, जेवून परत निघाले होते.

मंगळवारी त्यांनी पुण्याहून एक मेकॅनिक आणला. इस्त्रीचे कपडे, चामड्याची पेटी. मी समोरून बघत होतो. त्यानं गोणपाट सोडलं, एक्सल उन्हात धरला, फिरवून बघितला आणि बापूसाहेबांना काहीतरी विचारलं. बापूसाहेबांनी आमच्याकडे बोट केलं.

तो रस्ता ओलांडून आला. "ही रेघ कोणी मारली?"

"म्या," मिस्त्री म्हणाले.

मग ते दोघं उकिडवे बसून तासभर बोलले. जमिनीवर काडीनं चित्रं काढली, पुसली, परत काढली. त्यानं मिस्त्रींकडून रंगाच्या डब्याचं नाव लिहून घेतलं. उठून पलीकडे गेला, एक्सल गोणपाटात नीट बांधले आणि बापूसाहेबांना म्हणाला, "परतीची एसटी किती वाजता आहे?"

बापूसाहेबांनी मग लक्ष्मणाला घेरलं. "एक्सल मी कुणाकडून तरी बसवतो. तू चालवशील की नाही?"

लक्ष्मण पासलीचाच. त्यानं हात जोडले. "मालक, माझं घर त्या चढाच्या पायथ्याला हाय. एक्सल तुटला तर गाडी माघारी माझ्याच चुलीत यील. म्या गाडीत, आन् बायको चुलीम्होरं!"

* * *

पण आमचं सगळं सुखात चाललं होतं असं समजू नका. नव्या जागेत पहिले तीन आठवडे एक गाडी फिरकली नाही. एकही! रस्ता तोच, मिस्त्री तेच, हत्यारं तीच. फक्त गाडी वस्तीच्या तोंडाशी उभी करायची होती, आणि तेवढ्यानं लोकांची चाकं अडत होती. माझी बायको मला काही बोलायची नाही, आणि ते न बोलणं मला खात होतं. एका सकाळी मी मिस्त्रींना म्हटलं, "चुकलं का हो आपलं?"

"एक्सल फिरला व्हता का न्हाई?"

"फिरला व्हता."

"मग आपलं काय चुकलं?"

चौथ्या आठवड्यात पैलवान आले. कर्कश हॉर्न वाजवत, सगळ्या भोरला ऐकू जाईल असा. गाडी बरोबर मधोमध उभी केली आणि खाली उतरून रस्त्यावरच्या लोकांना उद्देशूनच ओरडले, "भोरातले समदे मिस्त्री मला 'व्हय' म्हनत्यात! 'न्हाई' म्हननारा ह्यो एकच हाय! म्हनून म्या हितं येतो!"

त्यांच्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं. मिस्त्रींनी तपासली आणि सांगितलं, "जावा. उगा पैसं घालू नका." पैलवान गेले, पण त्यांच्या मागं दुसरा आला, मग तिसरा. पावसाळ्यात तर गाड्या ओळीनं उभ्या राहायला लागल्या.

समोर बापूसाहेबांची जीप भिजत होती. दुसरीकडून जाड एक्सल घडवून आणायचा, तर मिस्त्रींचं खरं होतं हे कबूल करावं लागलं असतं. चाकांभोवती गवत वाढलं. सीटवर कुणाची तरी कोंबडी अंडी घालायला लागली. बापूसाहेब रोज सकाळी आमच्यासमोरून एसटीला जायचे, आमच्याकडे न बघता. एकदा कंडक्टरनं त्यांना "जागा नाही" म्हणून उतरवलं. तेव्हा मात्र त्यांनी बघितलं. मी लेथवरून मान वर केली नाही. मिस्त्रींनी केली.

* * *

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. शेतातलं भात झोडून झालं होतं, वस्तीत जिकडे तिकडे भाताचा वास सुटला होता.

सकाळी दहाच्या सुमारास समोर गलका झाला. बघतो तर लक्ष्मण आणि सहा-सात गडी जीप ढकलत रस्त्यावर आणत होते. कोंबडी ओरडत सीटवरून उडाली. जीप रस्ता ओलांडून हळूहळू आमच्याकडे वळली, तेव्हा मागचा माणूस मला दिसला. धोतर वर खोचलेलं, डोक्याची टोपी काखेत, दोन्ही हात गाडीला लावून ढकलत होते बापूसाहेब!

माझं लेथ आपोआप बंद झालं, म्हणजे मीच केलं असणार. वस्तीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

मिस्त्री एका टेम्पोखाली होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. लक्ष्मण वाकून म्हणाला, "मिस्त्री, मालक आल्यात."

"बघितलं," टेम्पोखालून आवाज आला. "पुढं तीन गाड्या हाईत."

लक्ष्मणानं बापूसाहेबांकडे बघितलं. बापूसाहेबांनी तीन गाड्यांकडे बघितलं. एक दूधवाल्याची, एक भाजीवाल्याची आणि तिसरा तो टेम्पो. मग त्यांनी स्वतः वाकून एक दगड उचलला, भाजीवाल्याच्या गाडीमागं जीप लावली आणि चाकाला तो दगड टेकवला.

मग सावली शोधत इकडे तिकडे बघितलं. सावली एकच होती, सखूमावशीच्या ओट्यावर. तिथं जाऊन बसले.

इतक्यात मावशी सूप भरून भात घेऊन बाहेर आली. तिनं बापूसाहेबांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि म्हणाली, "सरका तिकडं. मला भात वाळत घालायचंय."

बापूसाहेब सरकले.